बायपासनंतर छाती सगळे बघतात, टाच कोणी बघत नाही

पेशंट घरी आला की पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवायची, "आता कसं वाटतंय?" असं विचारायचं आणि शर्टाच्या गुंड्यांमधून छातीवरची चीर दिसते का ते हळूच बघायचं. पंचवटीत एका घरी ड्रेसिंगला गेले तेव्हा असे सात-आठ जण बसले होते. अण्णा खुर्चीत ताठ. छातीची जखम सुकी, स्वच्छ, कुठे लाली नाही. मी म्हटलं, "अण्णा, जरा मोजे काढते हं." डाव्या टाचेवर दहाच्या नाण्याएवढा जांभळट डाग होता. बोटाने दाबला तर आजूबाजूच्या टाचेपेक्षा मऊ लागला, पिकून गळायला आलेल्या चिकूसारखा. घरात कोणी तो पाहिलाच नव्हता, कारण हॉस्पिटलमध्ये चढवलेले पांढरे मोजे आठव्या दिवशीही तसेच पायात होते.

वीसेक वर्षं मी आयसीयूत सिस्टर होते. आता नाशकात स्कूटरवरून घरोघरी ड्रेसिंगला जाते. हृदयाच्या ऑपरेशननंतर कातडीला होणाऱ्या इजा हा माझा रोजचा विषय आहे, आणि त्यातल्या निम्म्या तरी मला अशाच, दुसरं काही बघताना सापडतात. म्हणून घरच्या माणसांसाठी हे सगळं एकदा क्रमाने लिहिते आहे.

ऑपरेशनच्या टेबलावर नेमकं काय होतं

बायपास किंवा व्हॉल्वचं ऑपरेशन साधारण चार ते सहा तास चालतं. तेवढा वेळ माणूस पाठीवर एकाच जागी असतो. झोपेत आपण नकळत कूस बदलतो, भूल दिलेला माणूस बदलू शकत नाही. त्यात हार्ट-लंग मशीनवर (तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर) घेतलं असेल तर शरीर काही अंश थंड केलेलं असतं आणि ब्लड प्रेशर खाली ठेवलेलं असतं. नंतर आयसीयूत प्रेशर टिकवायला जी औषधं चालू असतात, ती कातडीकडचं रक्त कमी करून मेंदू, हृदय, किडनी यांच्याकडे वळवतात. जीव वाचवायला ते बरोबरच आहे. पण माकडहाड, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू, जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडीचा पातळ थर असतो, तिथे रक्त कमी आणि दाब कायम अशी दुहेरी अडचण होते.

इजा बऱ्याचदा आतून बाहेर येते. हाडाला लागून असलेला स्नायू आधी मरतो, वरची कातडी शेवटी. त्यामुळे टेबलावर झालेली इजा डोळ्याला दिसायला ४८ ते ७२ तास लागू शकतात. सोमवारी ऑपरेशन, बुधवारी-गुरुवारी पाठीवर जांभळा डाग. मग घरचे वॉर्डातल्या सिस्टरशी भांडतात, की कालपर्यंत तर काही नव्हतं! सिस्टरला वाटतं आयसीयूत झालं, आयसीयूला वाटतं ऑपरेशन थिएटरात झालं.

'बेडसोर' हा शब्दही घात करतो. तो ऐकला की डोळ्यापुढे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली आजी येते. चार दिवसांपूर्वी स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात गेलेल्या, रोज गंगापूर रोडला फिरायला जाणाऱ्या माणसाला बेडसोर कसा होईल, असं घरच्यांना वाटतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये 'प्रेशर अल्सर' हे नाव बदलून 'प्रेशर इंजुरी' केलं, ते याचसाठी की कातडी फाटलेली नसतानाही आत इजा झालेली असू शकते.

दाबाखेरीज आणखी काही कारणं असतात. ती ओळखता आली तर घाबरणं कमी होतं. ड्रेसिंगच्या कडेने पाण्याचे फोड आले असतील तर ते चिकटपट्टीचे: पट्टी ताणून लावली, मग अंगावर सूज आली, आणि वरची कातडी खेचली गेली. कुल्ल्यावर किंवा मांडीवर चौकोनी, कडा स्पष्ट असलेला डाग असेल तर तिथे कॉटरीची प्लेट लावलेली असू शकते. चीर घेताना रक्तस्राव थांबवायला जी विजेची सुई वापरतात, तिचा करंट त्या प्लेटमधून परत जातो. प्लेट नीट चिकटली नसेल तर भाजतं. पाठीखाली किंवा जांघेत पसरट, ओघळल्यासारखा भाजल्याचा पट्टा दिसला तर कातडी साफ करायचं औषध खाली साचून राहिलं असावं. छातीवर उजवीकडे वर आणि डाव्या कुशीत पॅडच्या आकाराची लाली असेल तर हृदयाचे ठोके ताळ्यावर आणायला विजेचा शॉक दिलेला असतो. ही लाली बहुधा उन्हाने भाजल्यासारखी असते आणि काही दिवसांत जाते. हातावर शिरेच्या रेषेत लाल, दुखरी दोरी लागली तर ते सलाईनच्या सुईचं काम.

पायरी पहिली: ऑपरेशनच्या आधीचे दिवस

तारीख मिळाली असेल तर हातात चार-आठ दिवस असतात. या दिवसांत लोक छातीवरचे केस काढण्याच्या मागे लागतात आणि घरीच ब्लेड मारतात. ते करू नका. ब्लेडने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू बसतात. हॉस्पिटलमध्ये गरजेपुरते केस क्लिपरने काढतात. अंघोळीला औषधी साबण दिला असेल तर सांगितलं तसा वापरा. त्या दिवशी अंगाला तेल, पावडर काही नको.

तंबाखू आणि मिसरी आत्ताच बंद. 'फक्त दात घासायला' म्हणून मिसरी लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूच वाटत नाही, पण निकोटिन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, मग ते विडीतून येवो की मिसरीतून. डायबेटिस असेल तर शुगरचा आकडा काय हवा ते डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. ऑपरेशनच्या आसपास ती १८० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो, कारण त्याच्या वर जखमा चिघळायला लागतात.

टाचेच्या भेगांकडे कोणी लक्ष देत नाही. द्राक्षबागेत अनवाणी किंवा चपलेवर हिंडणाऱ्यांच्या टाचा मी बघते, त्यात अक्षरशः पावली रुतेल अशा भेगा असतात. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून साधं व्हॅसलीन लावा. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट आठवून ठेवा: आधी कधी चिकटपट्टीने, बँडएडने फोड आले होते का? आले असतील तर भरती होताना तोंडी सांगा आणि फाइलवर लिहून घ्यायला लावा. शक्य असेल तर पाठीचे, टाचांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. नंतर 'हे आधीपासून होतं का' या वादाला तारखेचा फोटो पुरतो.

पायरी दुसरी: आयसीयूतली पाच-दहा मिनिटं

भेटीच्या वेळेत पेशंटच्या नाका-तोंडात नळ्या असतात, घरच्यांच्या डोळ्यात पाणी असतं. काही विचारायचं सुचत नाही. म्हणून प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. मला स्वतःला आवडणारे तीन प्रश्न: टाचा गादीवरून उचलून ठेवल्यात का? पाठ शेवटची कधी बघितली? ब्रेडन स्कोअर किती आहे?

ब्रेडन म्हणजे कातडीला किती धोका आहे हे मोजायची एक पद्धत. ६ ते २३ पर्यंत आकडा येतो, कमी आकडा म्हणजे जास्त धोका, आणि १८ किंवा त्याखाली गेला की सावध व्हायचं. नातेवाइकाने हा शब्द उच्चारला की समोरची सिस्टर जरा सरळ उभी राहते, हे मी स्वानुभवाने सांगते. पण विचारताना आवाज खाली ठेवा. रात्रपाळीला एकीच्या गळ्यात दोन-तीन पेशंट असतात. "ताई, जमलं तर टाचेखाली जरा उशी बघाल का?" एवढ्यावर काम होतं, हुकूम सोडला की होत नाही.

पायरी तिसरी: डिस्चार्जच्या दिवशी

बिल, औषधं, गाडी या धावपळीत हीच पायरी हमखास गळते. निघण्याआधी सिस्टरला सांगा, की आमच्यासमोर एकदा पूर्ण अंग बघू या. पडदा ओढायचा आणि डोक्यापासून सुरुवात करायची. डोक्याची मागची बाजू केस बाजूला करून. कानामागे, जिथे ऑक्सिजनची नळी अडकवलेली होती. नाकाचा शेंडा, ओठांचे कोपरे. खांद्याची पाती, कोपरं, माकडहाड, नितंबांची घडी, घोटे, टाचा. मोजे काढून! जे दिसेल ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी मीच हे केलं नाही. ऑपरेशन दुसऱ्या शहरात, मी सून म्हणून गेलेली, सिस्टर म्हणून नाही. कार्डावर कातडीचा एक शब्द नव्हता आणि मीही विचारला नाही. घरी आल्यावर उशीवर केस दिसायला लागले. दोन आठवड्यांत डोक्याच्या मागे अंड्याएवढं टक्कल. ते डोकं तासन्‌तास एकाच जागी टेकल्यामुळे. पुढे केस परत आले, पण तोपर्यंत सासूबाईंनी कुणाची दृष्ट लागली त्याची यादी करून ठेवली होती.

पायरी चौथी: प्रवास

नाशिकचे पुष्कळ लोक मुंबईत ऑपरेशन करून घेतात, म्हणजे सातव्या-आठव्या दिवशी गाडीत दीड-पावणेदोनशे किलोमीटर बसून यायचं. समृद्धीने या, नाहीतर जुन्या कसारा घाटाने, प्रश्न रस्त्याचा नाही, बुडाचा आहे. मागची सीट थोडी कललेली असते, तिथे माणूस हळूहळू पुढे घसरतो आणि माकडहाडावरची कातडी एका दिशेला, हाड दुसऱ्या दिशेला ओढलं जातं. सरळ दाबापेक्षा हे ओढणं वाईट. घसरू न देता ताठ बसवा, पट्ट्याच्या आणि छातीच्या मध्ये छोटी उशी ठेवा, दर तासाभराने गाडी थांबवून पाच मिनिटं उभं करा. घाई असली तरी रात्री निघू नका, दिवसा निघा.

पायरी पाचवी: रोजची पाच मिनिटं

सकाळी अंघोळीच्या वेळी, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघायचं. ट्यूबच्या निळसर उजेडात लाली लपते.

लाल जागा दिसली की बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतं आहे. दाब काढला की बहुधा अर्ध्या तासात निवळते. दाबल्यावरही लाल तशीच राहिली तर ती प्रेशर इंजुरीची पहिली पायरी समजा आणि त्या जागेवर अजिबात भार पडू देऊ नका.

आता अडचण अशी, की हे सगळं गोऱ्या कातडीवरून लिहिलेलं आहे. आपल्या सावळ्या, काळ्या रंगावर लाली दिसतच नाही. तिथे हात वापरायचा. हाताची मागची बाजू आधी शंकेच्या जागेवर, मग शेजारच्या जागेवर ठेवा. एक गरम किंवा एक गार लागते का? एक कडक, एक लुसलुशीत लागते का? पेशंट "इथे टोचतंय" म्हणतोय का? रंग आजूबाजूपेक्षा गडद, जांभळा किंवा चकचकीत झालाय का? नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजींच्या माकडहाडावरचा असा डाग मी 'रंगच तसा आहे' म्हणून सोडून दिला. दोन दिवसांनी तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली. तेव्हापासून मी डोळ्याआधी हात लावते.

डाग सापडला तर बाजूला मोजपट्टी धरून फोटो काढा आणि डॉक्टरांना पाठवा. रोज त्याच अंतरावरून, त्याच उजेडात.

पायरी सहावी: निजणं, उठणं, बसणं

बायपासवाल्यांची कूस बदलणं सोपं नसतं, कारण छातीचं हाड मधून कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे, कधी बारा आठवडेही लागतात. तोवर हातावर जोर देऊन उठणं, दंडाला धरून ओढणं बंद. पेशंटने छातीशी उशी कवटाळायची, गुडघे वाकवायचे आणि खांदा व कंबर एकदम एका बाजूला वळवायची. घरच्याने पाठीमागे उशी सरकवून साधारण ३० अंशांचा कल द्यायचा. पूर्ण कुशीवर नको, त्याने कमरेच्या खुब्यावर भार येतो. अंथरुणात पडून असेल तर दर दोन तासांनी बाजू बदला, अंगात बळ आलं आणि स्वतः हालचाल करू लागला की इतकं लागत नाही.

टाचांसाठी उशी पोटरीखाली लांबवर ठेवायची, टाच पूर्ण अधांतरी. टाचेखालीच मऊ उशी ठेवली तर भार तिथेच राहतो. आणि गुडघा थोडा वाकलेला असू द्या.

डोक्याकडची बाजू फार उंच केली की पेशंट खाली सरकतो. धाप लागत नसेल तर ३० अंशांपर्यंत पुरे. वर ओढायचा असेल तर काखेत हात घालून नाही. चादर दुमडून खाली घाला, दोघांनी दोन टोकं धरून उचला, फरफटवू नका.

खुर्चीत बसणाऱ्याला सगळे शाबासकी देतात, पण सलग तीन तास सिरियल बघत बसलेल्याचं माकडहाड अंथरुणातल्यापेक्षा लवकर जातं, कारण सगळा भार तेवढ्याच जागेवर. दर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकायला सांगा. जाहिराती लागल्या की झुकायचं, हे लोकांच्या लक्षात राहतं.

सर्जिकलच्या दुकानात पंपाचा एअर बेड भाड्याने मिळतो. जास्त दिवस झोपून राहणार असेल, अंगावर मांस नसेल, आधीच डाग असेल तर घ्या. पण तो घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. रबरी रिंग मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको. मधली जागा मोकळी राहते खरी, पण कडेचा दाब तिथे येणारं रक्तच अडवतो.

लाल जागेवर तेल लावून चोळणंही नको. आम्हाला ट्रेनिंगला असताना पाठीला स्पिरिट लावून, पावडर टाकून रगडायला शिकवलं होतं आणि आम्ही ते इमानेइतबारे वर्षानुवर्षं केलं. स्पिरिटने कातडी सुकते, रगडण्याने आतल्या फुटक्या रक्तवाहिन्या आणखी फुटतात. आता ते सोडलं आहे. सध्याच्या सिस्टर कोणी करताना दिसल्या तर प्रेमाने थांबवा.

पायरी सातवी: जखम झालीच तर

पाण्याचा फोड फोडू नका. वरची कातडी हे देवाने दिलेलं ड्रेसिंग आहे. आपोआप फुटला तर सलाईनने धुऊन, न चिकटणारी पट्टी ठेवून डॉक्टरांना दाखवा. उघडी जखम, पिवळा थर, वास, आत खड्डा, यातलं काही असेल तर घरचं डोकं चालवायचं नाही. टाचेवर काळी, कोरडी, घट्ट बसलेली खपली असेल तर ती सोलू नका. ती कोरडी असेपर्यंत आतल्या जागेचं झाकणच असते. कड ओली झाली, लाल झाली किंवा हलायला लागली की लगेच दाखवा.

हळद, कोरफड, राख, टूथपेस्ट, यातलं जखमेवर काही नको. बिटाडीनही रोज उठून ओतायचं नसतं, ते जंतूंबरोबर नवीन येणाऱ्या पेशींनाही त्रास देतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान होतं, जखमेचं भलं होत नाही. आणि जखम उघडी टाकून पंख्याखाली सुकवणं ही आपल्याकडची आवडती चूक. स्वच्छ, किंचित ओलसर आणि झाकलेली जखम लवकर भरते.

अण्णांची टाच भरायला अडीच महिने लागले. आठवड्यातून दोनदा मी जायचे, बाकी सगळं सुनेने केलं, मुख्य म्हणजे पोटरीखालची उशी. तिने एक जुनी सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून त्याला उशीचा अभ्रा घातला होता. विकतच्या कुठल्याही वस्तूपेक्षा ती बरी होती.

चिकटपट्टी काढणं

ही पायरी नाही, पण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. "एकदम ओढ म्हणजे कळणार नाही" हे सूत्र विसरा. म्हाताऱ्या माणसाची, स्टेरॉइड घेणाऱ्याची किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्याची कातडी पट्टीबरोबर येते. कोपरा उचला, त्याला खोबरेल तेल किंवा लिक्विड पॅराफिन लावून मिनिटभर थांबा. एका हाताने शेजारची कातडी दाबून धरा. पट्टी वर न ओढता तिच्याच पाठीवर दुमडत, अंगाला लागून, केसांच्या दिशेने, सावकाश. जखमेत तेल जाऊ देऊ नका आणि नंतर ती जागा धुऊन पुसून घ्या, नाहीतर नवी पट्टी बसणार नाही. नवी लावताना मध्यभागी टेकवून दोन्ही बाजूंना हाताने बसवायची, ताणायची नाही. कातडी फारच नाजूक असेल तर सिलिकॉनची पट्टी मागा. महाग आहे, पण फोडांच्या ड्रेसिंगपेक्षा स्वस्त.

छाती आणि पाय

छातीच्या जखमेबद्दल डॉक्टर सगळं सांगतात, म्हणून मी फक्त राहून जाणारं लिहिते. वारकऱ्यांची तुळशीची माळ बरोबर चिरेवर येते. त्र्यंबकच्या एका बाबांच्या जखमेच्या वरच्या टोकाला मण्यांनी घासून तीन ठिकाणी खपली निघाली होती. माळ काढणार नाही म्हणाले. मग ती आखूड करून गळ्याशी आणली, त्यात त्यांचाही धर्म राहिला आणि माझाही. मंगळसूत्राचंही तेच. बायकांमध्ये स्तनांच्या वजनाने जखमेचं खालचं टोक दोन्हीकडे ओढलं जातं आणि खाली घाम साचतो. पुढून हुक असलेली, तार नसलेली सुती ब्रा दिवसरात्र घाला, घडीत कोरडा मऊ सुती कपडा ठेवा. पोटाच्या वरच्या बाजूला नळ्या काढल्याची भोकं असतात, परकराची नाडी त्यावर येऊ देऊ नका. सरळ गाऊन घाला.

पायाची जखम मात्र छातीपेक्षा जास्त छळते. पायाची शीर काढून हृदयाला लावायची ही पद्धत रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला रूढ केली, आणि तेव्हापासून बायपासचे पेशंट छाती विसरून पायाची तक्रार करतात. सूज येते, लस गळते, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, कारण शिरेला लागूनच एक मज्जातंतू जातो. बसताना पाय स्टुलावर, पायावर पाय टाकायचा नाही. मोजे सांगितले असतील तर सकाळी सूज यायच्या आधी चढवा, एकही घडी राहू देऊ नका आणि दिवसातून एकदा तरी पूर्ण काढून टाच बघा.

बधिर पायाला शेक नको. निफाडकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. डिसेंबरात एका घरी सुनेने मायेने सासूबाईंच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. सासूबाईंना चटका कळलाच नाही. सकाळी पिशवीच्या नक्षीसकट फोड उठले होते. थंडी वाजत असेल तर सैल लोकरी मोजे, गोधडी. हीटरही लांब.

अंघोळ आणि जेवण

डॉक्टरांनी परवानगी दिली की कोमट पाणी, साधा साबण, हाताने हलकं धुणं, टॉवेलने टिपणं. जखमेवर काथ्या, घासणी नको, पाण्याची धार थेट नको. टबात, नदीत बुडणं जखम पूर्ण बंद होईपर्यंत बंद. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय आणि मला आतापासून विचारणा होते आहे, म्हणून सांगते: खपली असेपर्यंत रामकुंडात उतरायचं नाही. घरच्या पाण्यात गोदावरी म्हणा आणि तांब्या घ्या.

जखम भरायला प्रथिनं लागतात. दाबाची इजा असलेल्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांशिवाय धरू नका. आपल्याकडे बायपास झाला की घाबरून मऊ भात आणि पातळ वरणावर ठेवतात, त्यात यातलं पाव भागही जात नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढंच. घट्ट वरण, मूग, दही, कमी तेलातलं पनीर, उकडलेलं चिकन, मासे. मिसळीची आठवण येत असेल तर मोड आलेली मटकी वाटीभर खुशाल घ्या, तर्री आणि शेव मागे ठेवा.

कधी थांबायचं नाही

छातीचं हाड खोकताना, वळताना कटकट वाजतंय किंवा सरकल्यासारखं वाटतंय, चिरेतून अचानक गढूळ किंवा भरपूर पाणी येतंय, १००.४ च्या वर ताप. जखमेची लाली रोज पसरतेय. डागाचा रंग जांभळ्यावरून काळ्यावर जातोय, वास येतोय. डायबेटिसवाल्याची शुगर कारण नसताना चढतेय. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या टीमला फोन. थंडी वाजून ताप, भ्रम, धाप असेल तर फोनवर वाट न बघता १०८ ला बोलवा.

अँजिओप्लास्टी झालेल्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. फार वेळ चाललेल्या किंवा पुन्हापुन्हा झालेल्या अँजिओप्लास्टीत एक्स-रेचा मारा पाठीच्या एकाच जागी झाला तर तिथे आठवड्यांनी, कधी महिन्यांनी चौकोनी लालसर डाग येतो. त्याला लोक नायटा समजून मलमं लावत बसतात. त्वचेच्या डॉक्टरकडे गेलात तर अँजिओप्लास्टी झाल्याचं आठवणीने सांगा, ते विचारतीलच असं नाही.

दोन-तीन महिन्यांनंतर

चीर बंद झाली की खाज सुटते. नखाने नाही, वरून तळहाताने थोपटा. छातीच्या मधली जागा जाड, उंच वण येण्यासाठी बदनाम आहे. वण मूळ चिरेच्या बाहेर पसरायला लागला तर लवकर दाखवा, सुरुवातीला सिलिकॉनची पट्टी किंवा जेल उपयोगी पडतं. ऑपरेशननंतर ठोके अनियमित झाले म्हणून ॲमिओडॅरोन चालू असेल तर उन्हाने कातडी पटकन भाजते. आमच्या दिंडोरीच्या एका काकांना हे कळलं छाटणीच्या दिवसांत, बनियनवर बागेत गेल्यावर. आता ते पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालून जातात, आणि मी भेटले की मोजे स्वतःच काढून टाच पुढे करतात.